पाहुणं गेलेलं पुस्तक

पुस्तक मी नेलं होतं. हे चार शब्द आमच्या घरात बोलायला मला आठ वर्षं लागली, आणि कागदावर उतरवायला आणखी काही. आता पन्नाशी उलटली आहे. मी कमी बोलतो, आणि गावातली माणसं त्याला स्वभावाचा चांगुलपणा समजत आली आहेत. मीही त्यांना तसं समजू दिलं. भिऊन गप्प बसणारा माणूस बाहेरून चांगल्या माणसासारखाच दिसतो.

मेहकर तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर गुरुजी. बायको नांदुऱ्याची. तिचे वडील तिथे एका धान्याच्या अडतीवर दिवाणजी होते, आणि आई त्या काळाच्या मानानं शिकलेली. हे पुस्तक त्या आईचं. स्वयंपाकाचं, छापील, पुण्या-मुंबईकडून रेल्वेनं कुणाच्या तरी सामानातून आलेलं. पुढचं पुठ्ठा-पान गेलेलं, सुरुवातीची काही पानंही गेलेली, त्यामुळे नाव काय, लिहिणारी कोण, काहीच कळायचं नाही. उघडलं की एकदम एका वड्याच्या कृतीच्या मध्येच आपण जाऊन पडायचो. समासात मात्र आईची पेन्सिल होती. छापलेलं असे 'ओला नारळ', शेजारी पेन्सिलीत 'शेंगदाणे चालतात'. छापलेलं 'आमसूल', पेन्सिलीत 'चिंच'. एका भाताच्या कृतीशेजारी नुसतं 'ह्यांना आवडला नाही', आणि खाली वेगळ्या दिवशी लिहिलेलं, 'पुन्हा केला, खाल्ला'.

बायको नऊ वर्षांची असताना आई गेली. डिंकाच्या लाडवांच्या पानावर आईनं लिहिलं होतं, 'मेथी कमी, मुलीला कडू चालत नाही'. ती मुलगी म्हणजे माझी बायको. आईनं आपल्याविषयी लिहिलेली तेवढी एक ओळ तिच्याकडे होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

आमच्या घराला लागून एका शेतकऱ्याचं घर. मधे भिंत एकच, अंगण एकच. त्या घरातली बाई बायकोपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी. बायको तिला 'बाई' म्हणायची, मी वहिनी म्हणायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण हात असा की तिनं नुसतं वरण केलं तरी वास रस्त्यापर्यंत यायचा. दुपारची कामं उरकली की दोघी अंगणात चूल मांडायच्या. वाचायचं हिनं, करायचं तिनं.

"अर्धा नारळ खवून घ्यावा," बायको वाचायची.

"नारय कुठी पैदा होते इथं? तुह्या मायनं काय लिवलं थे वाच."

"शेंगदाने, म्हनते."

"हं. तुही माय शहानी होती. हे पुस्तक लिवनारीले सासू नसन, मून नारय खवत बसली."

"मंद आचेवर ठेवावे."

"मंद म्हंजे कशाची वं? पऱ्हाटीची का गवऱ्याची?"

"थे नाई लिवलं."

"मंग काय लिवलं? ठेव थे खाली, पाह्य मी काय करतो."

दोघींच्या मधे वहिनींची मुलगी बसलेली असायची. पुस्तकात साच्यांची आणि भांड्यांची चित्रं होती. पानं उलटायचं काम तिचं, आणि ती हात फ्रॉकला पुसून मग पान उलटायची. माझ्याच वर्गात होती, चौथीत. पाढे चांगले, अक्षर त्याहून चांगलं.

मी त्या पुस्तकाची थट्टा करायचो. पुस्तकात पाहून भाजी करतात आणि पंचांगात पाहून जेवतात, असलं काहीतरी. बायको हसायची नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावोगाव वाचनालयं निघत होती. आमच्याकडेही ग्रामपंचायतीच्या एका खोलीत निघालं आणि त्याचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. सरकारी मान्यता हवी असेल तर जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार, आणि तोवर कपाटात ठरलेल्या संख्येइतकी पुस्तकं दिसायला हवीत. आमच्याकडे निम्मीही नव्हती. आजूबाजूच्या वाचनालयांची तीच गत. तेव्हा आम्ही चिटणीस मंडळींनी आपसांत एक रीत पाडली. ज्या गावची तपासणी असेल तिथे बाकीच्यांनी आपली पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरून एस.टी.च्या टपावरून पाठवायची. त्याला आम्ही 'पुस्तकं पाहुणी जाणं' म्हणत असू. पाहुण्या पुस्तकावर खरा शिक्का मारायचा नाही. गव्हाच्या खळीनं एक चिठ्ठी डकवायची, शिक्का त्या चिठ्ठीवर, आणि साहेबांची जीप फाट्यावर गेली की ओला हात फिरवून चिठ्ठी सोडवायची. असं बरीच वर्षं चाललं. साहेबांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

आमच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावचा चिटणीस पेटी घेऊन आला. माझ्याबरोबरीचा, अरेतुरेतला. म्हणाला, "सायेब बायांसाठी काय ठुलं थे इचारून राह्यला बे सगळीकडं. तुह्याजवळ काय हाय?"

माझ्याजवळ काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको धुणं घेऊन नदीवर गेली, तेव्हा मी कोनाड्यातून ते पुस्तक काढलं आणि शाळेच्या पिशवीत घातलं. चिठ्ठी डकवली. संध्याकाळपर्यंत परत ठेवू, एवढाच विचार.

साहेबांनी नेमकं तेच उचललं. चार पानं चाळली. म्हणाले, "उत्तम. अशी पुस्तकं खेड्यात पोचली पाहिजेत. पण ही चिठ्ठी कशाला? ह्याला शिक्का मारा, नोंदवहीत घ्या." आणि उभे राहिले. मी त्यांच्यासमोर शिक्का मारला. वाचनालयाच्या पुस्तकात एक गुप्त पान असतं. चोरलं गेलं तरी ओळख पटावी म्हणून एका ठरावीक पानावर आत शिक्का आणि क्रमांक घालतात. आमचं गुप्त पान एकवीस होतं. त्या पानावर काय आहे ते न पाहता मी शिक्का मारला, क्रमांक घातला, सही केली. साहेब खूश होऊन गेले.

शेजारचा चिटणीस पेटी बांधत होता. "गुरुजी, आठ दिवसानं माह्याकडं तपासणी. हे बायांचं पुस्तक ऱ्हाऊ दे पेटीत. सायबाले पसंत हाय."

साहेब गेल्यापासून तो मला गुरुजी म्हणू लागला होता. मी मान डोलावली. ह्याचं कारण मी पुष्कळ शोधलं. मान्यता मिळणार ह्या आनंदात होतो हे एक. दुसरं म्हणजे घरचं आहे असं सांगायची मला लाज वाटली. चिटणिसाच्या बायकोचं पुस्तक मागून आणून दाखवलं, असं होईल म्हणून.

त्याच संध्याकाळी बायकोनं विचारलं, "माह्यं पुस्तक पाह्यलं काय तुमी? कोनाड्यात नाई."

मी 'नाही' म्हणालो. आठ दिवसांचा तर प्रश्न होता.

आठ दिवसांनी पेटी पुढच्या गावी गेली, तिथून त्याच्या पुढच्या. मी दोनदा निरोप पाठवले. उत्तर आलं, फिरून येते आहे. मग पाऊसपाणी, परीक्षा, माझी सहामाही टाचणं. इकडे बायकोनं घर तीनदा उलटंपालटं केलं. शेवटी तिला आठवलं की वहिनींच्या अंगणात शेवटचं वाचलं होतं, आणि मुलगी पानं उलटत होती. ती विचारायला गेली. वहिनींनी धान्याच्या कोठीमागं, गवऱ्यांच्या ढिगात, गोठ्याच्या माळ्यावर, सगळीकडे पाहिलं. नाही सापडलं. बायको पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी घरात होतो आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"पोरीनं नेलं असन शायेत. चित्रं पाहाले."

"नाई नेलं म्हनते थे."

"लेकरू सांगनार हाय काय? चोट्टेपना कोनी सांगून करते काय?"

मग वहिनी म्हणाल्या, "माह्या पोरीले चोट्टी म्हनली तू. ऊठ. पह्यले ऊठ माह्या अंगनातून."

त्या वेळी मी उठून पलीकडे जायला हवं होतं. पंधरा पावलांचं अंतर. मी खुर्चीतच बसून राहिलो.

ह्याहून वाईट पुढे आहे. बायको म्हणाली, तुम्ही तिचे गुरुजी, तुम्ही विचारा, तुम्हाला सांगेल. मी म्हणालो, विचारतो. न विचारताच 'विचारलं' असं खोटं सांगता आलं असतं, पण त्या दिवशी मला ते खोटंसुद्धा सुचलं नाही, किंवा एक खोटं खरं वाटावं म्हणून मला दुसरं करून दाखवायचं होतं. मधल्या सुट्टीत मी मुलीला बोलावलं. वर्गात दोन-तीन मुलं होती. मी विचारलं, "काकूंचं पुस्तक तू नेलंस का? नेलं असेल तर सांग, मी रागावणार नाही." माझ्या आवाजात गोडवा होता. तिनं मान हलवली. मी पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पाटी उचलली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. मग तिचं नाव काढलं गेलं. चौथीनंतर आमच्या गावातल्या मुली तशाही घरी बसायच्या. तीही बसलीच असती, असं मी स्वतःची समजूत घालत आलो. पण चौथीची परीक्षा तरी ती दिली असती, आणि दिली असती तर पहिली आली असती.

दोन घरांच्या मधे वहिनींनी तुराट्यांचं कुंपण घातलं. एकत्र होणारं वाळवण बंद झालं. बायकोनं पुस्तकाचं नाव काढणं सोडलं, पण कधी आजारी असली की म्हणायची, "मायनं एक ओळ लिवली होती, थे बी माह्याच्यानं सांभाळून झाली नाई." म्हणजे राग वहिनींवर आणि दोष स्वतःवर. माझ्याकडे दोन्हींतलं काहीच नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न ठरलं. रेशनची लाल ज्वारी खाऊन माणसं वैतागली होती, पण लग्न थांबत नाहीत. आमच्याकडे अक्षत द्यायला घरची बाई ताटात कुंकू लावलेले तांदूळ घेऊन दारोदार फिरते. दाराशी जाऊन अक्षत दिली की त्या घराला बोलावणं पोचलं. वहिनी आळीनं फिरल्या. आमच्या अलीकडच्या घरी दिली, पलीकडच्या घरी दिली. आमच्या दारावरून ताट घेऊन सरळ गेल्या. बायको दारात उभी होती.

ती आत आली आणि म्हणाली, "बराबर हाय तिचं. मी बी असंच केलं असतं." मग बऱ्याच वेळानं, "पोरगी सासरी जाईन आता. चोट्टी हे नाव घेऊन जाईन."

लग्नाला नऊ दिवस होते. शाळेला सुट्टी होती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन निघालो. बायकोला म्हणालो, केंद्रावर काम आहे. म्हणजे शोधायला निघतानाही आधी खोटं.

शेजारच्या गावचा तो चिटणीस आता वाचनालयात नव्हता, शेती पाहत होता. त्याला पुस्तक आठवेना. पेटी आठवली. "थे पेटी माह्या साल्याची होती बे. थे बी वापस नाई आली." त्यानं सांगितलेल्या दुसऱ्या गावी मी हिवरा आश्रमाच्या पुढे दोन कोस चालत गेलो. तिथे वाचनालय होतं, पण कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिसरं गाव सुलतानपूरहून आत. तिथलं वाचनालय बंद पडून चार वर्षं झाली होती, आणि कपाट एकाच्या धान्याच्या खोलीत उभं होतं, वर तुरीची पोती. खोलीच्या मालकानं पोती काढू दिली, पण काढली आणि परत लावली मीच. चाळिशी ओलांडल्यावर पोती उचलायची सवय राहत नाही. कपाटात पुस्तक नव्हतं. नोंदवही होती. पानांना कसर लागली होती, तरी स्त्रियांच्या भागात एक ओळ वाचता आली: 'पाकशास्त्र, जुने, मुखपृष्ठ नाही.' पुढे, घरी वाचायला दिल्याच्या रकान्यात, 'पाटलांच्या धाकट्या सूनबाई'. परत आल्याची तारीख कोरी.

पाटलांच्या वाड्यावर कळलं की धाकटा मुलगा जिनिंगवर कामाला लागला आणि बिऱ्हाड घेऊन नांदुऱ्याला राहतो.

नांदुरा. मी त्या रात्री सुलतानपूरच्या एका ओळखीच्या गुरुजींकडे झोपलो आणि सकाळच्या गाडीनं मेहकर, खामगाव करत दुपारी नांदुऱ्यात उतरलो. उन्हानं डोकं फुटत होतं. सासऱ्यांच्या जुन्या घरावरून जावं लागलं. मी वर पाहिलं नाही.

सूनबाई तिशीची, हसरी. मी वाचनालयाचा माणूस आहे म्हटल्यावर ती एकदम वरमली. "परत कराचंच होतं हो. इकडं आलो आन् राहून गेलं. दंड लागन काय?"

आतून तिची सासू बोलली. सुनेकडे पंधरा दिवस राहायला आलेली होती. "नेऊन टाका बापा थे. चुलीजवळ पोथीवानी मांडून बसते. भाजी जयते आन् हे वाचून राह्यली."

"तुमीच बोटं चाटता, आत्या."

"मी काय नाई म्हनलं?"

तिनं पुस्तक आणलं. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं. मी उघडलं. पेन्सिलीखाली आता निळी शाई होती. 'शेंगदाणे चालतात' च्या खाली 'तीळ पण चालतात'. इतकी वर्षं त्या सूनबाईनं त्यावरच स्वयंपाक केला होता, आणि जिचं हे होतं तिच्या आईशी समासात बोलत राहिली होती. ती म्हणाली, "एक लाडूची कृती उतरवून घेऊ काय? जाऊबाई बाळंत व्हायची हाय." मी बसलो. तिनं उतरवून घेतलं. सासूनं मला ताक दिलं आणि विचारलं, वाचनालयाचं पुस्तक न्यायला माणूस इतक्या लांब येतो काय. मी म्हणालो, येतो कधी कधी.

परत येताना खामगावच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. मी एकवीस नंबरचं पान काढलं. आमचं गुप्त पान पाहून पुढच्या सगळ्यांनी तेच धरलं होतं. आमचा गोल शिक्का, त्याच्यावर तिरपा दुसऱ्या गावचा, खाली तिसऱ्याचा, तीन क्रमांक, लाल शाईत 'तपासले', आणि माझी सही, पूर्ण नावाची, वळणदार. ते डिंकाच्या लाडवांचं पान होतं. पेन्सिलीची ती ओळ शिक्क्यांच्या मधे अजून वाचता येत होती.

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. पुस्तक नेऊन हळूच आमच्याच घरातल्या कोठीमागं ठेवायचं आणि चार दिवसांनी बायकोलाच तिथे सापडू द्यायचं. मग ती स्वतःच वहिनींकडे जाईल, माफी मागेल, सगळं सुटेल, आणि मी कुठेच नसेन. आड होता तो फक्त शिक्का. दाढीचं ब्लेड पिशवीत होतं. मी बाकावर बसून सहीचा कोपरा खरवडला. कागद जुना, शाई निघायच्या आधी कागदच निघू लागला. आणखी दोन वेळा ब्लेड फिरवलं असतं तर त्या ओळीतला 'मुलीला' गेला असता. मी ब्लेड फेकून दिलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा हे आता इथेच कळेल.

घरी पोचलो तेव्हा ती सुपात गहू निवडत होती. लग्नाला पाच दिवस उरले होते. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. तिनं हात पदराला पुसले. आधी ते तसंच नुसतं धरून बसली. मग तिनं जे पान काढायचं ते काढलं, आणि पाहत राहिली. खरवडलेला कोपराही तिनं पाहिला असणार.

"हा शिक्का आपल्या गावचा हाय."

"हो."

"सई तुमची."

"हो."

"मी तुमाले इचारलं होतं. त्याच दिवशी इचारलं होतं."

"हो."

"पोरीले तुमी शायेत इचारलं."

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. मी सगळं सांगितलं. साहेब, पेटी, आठ दिवस. सांगताना ते किती लहान वाटत होतं. ती रडली नाही. सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? तिकडं जा. पोरीच्या मायले नोका सांगू. पोरीले सांगा. आन् बाया असन तवाच सांगा. तुमी वर्गात इचारलं होतं, मांडवात सांगा."

"तू येतेस?"

"माह्यं मले नंतर पाहू द्या. तुमचं तुमी न्या."

मी पुस्तक उचललं आणि पलीकडे गेलो. मांडव घालून झाला होता. आठ-दहा बायका शेवया करत बसल्या होत्या, आणि बोलणं चाललं होतं ते कुणाच्या तरी जावयावरून. मला पाहून सगळं थांबलं. आठ वर्षांत मी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. वहिनी कणकेच्या परातीवरून उठल्या नाहीत. मुलगी खांबाशी बसली होती. मोठी झाली होती, अर्थात. मी तिला रोज कुंपणातून पाहायचो तरी मला ते त्या दिवशी दिसलं.

मी उभ्यानंच बोललो. पुस्तक मी नेलं होतं. तुला विचारलं तेव्हा मला माहीत होतं.

एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, ऊन लागलं काय तुमाले?" कुणी हसलं नाही.

मुलगी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत होती. मग म्हणाली, "गुरुजी, मले वाटे मीच कुठी ठुलं असन. ठुलं आन् भुलली असन. लय आठवून पाह्यलं मी. अजून बी कधी कधी आठवून पाह्यतो."

शिव्या दिल्या असत्या तर त्यांची तयारी मी वाटेत केली होती.

वहिनी म्हणाल्या, "मले वाचता येते काय भाऊजी? माह्या घरात थे पुस्तक काय कामाचं होतं? तुमी शिकलेले. एवढं बी तुमाले समजलं नाई?" आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. मग त्या मुलीला म्हणाल्या, "ऊठ, हात धू. शेवया वायून राह्यल्या." आणि मला, "जा आता."

मी घरी आलो. मागोमाग बायको गेली. ती तिथे काय बोलली, मला माहीत नाही; मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दीड-दोन तासांनी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि कोपरापर्यंत पीठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ताट घेऊन आल्या आणि अक्षत बायकोच्या हातावर घातली. मी ओट्यावर होतो. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वाढाले मानसं कमी हायेत. येजा." बोलावणं म्हणावं की काम, मी विचार केला नाही. गेलो.

लग्नाच्या दिवशी बायकोनं ते पुस्तक नव्या खणात गुंडाळलं आणि आहेर म्हणून मुलीच्या मांडीवर ठेवलं. मला न विचारता. मी वरणाची बादली घेऊन जवळच उभा होतो.

मुलीनं खण उलगडला, पुस्तक पाहिलं, परत गुंडाळलं. "नोको काकू."

"तुह्यासाठीच हाय वं. तुले चित्रं आवडत."

"आवडत. पन सासरी कोनी इचारलं, हे कोठून आनलं, शिक्के कशाचे, तं मी काय सांगू?" तिनं खण ठेवून घेतला आणि पुस्तक परत दिलं. बायकोनं ते पदराखाली घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी शेवटच्या पंगतीपर्यंत वाढलं. वरण, पोळी, गुळाचा शिरा. कुणी मला काही बोललं नाही. दुपार कलल्यावर बैलगाडी आली. निघताना मुलगी एकेका मोठ्या माणसाच्या पाया पडत होती. बायकोच्या पाया पडली, बायकोनं तिला उठवून धरलं. मग माझ्यासमोर आली. थांबली. माझ्या धोतरावर वरण सांडलं होतं, त्याकडे तिनं पाहिलं असावं. ती वाकली नाही. पुढे गेली आणि माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कोतवालाच्या पाया पडली.

मी बादली घेऊन आत गेलो. भांडी पडली होती, ती विसळायला बसलो.